माजी कामगारमंत्र्यांची बॅग

मी बोलतेय, ती एका माजी कामगारमंत्र्यांची बॅग. स्पॅनिश चामड्याची, पितळी कुलपाची. सध्या मुक्काम पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, भाड्याच्या अपार्टमेंटमधल्या एका खुर्चीवर. मला मराठी कसं येतं ते पुढे कळेलच. मंत्र्यांच्या सहवासात राहिलं की सगळंच थोडं थोडं येतं.

माझे मालक आंद्रेस मोरा स्पेनमधल्या एका बंदराच्या गावी जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होते. हुकूमशाहीत चोरून युनियन चालवली म्हणून तुरुंगात गेले. पुढे हुकूमशहा गेला, निवडणुका झाल्या आणि १९८२ साली समाजवाद्यांच्या सरकारात वेल्डरचा कामगारमंत्री झाला. मला आणलं ते त्याच आठवड्यात.

काय थाट होता! कामगारांची रजा वाढवणारा मसुदा माझ्यातून संसदेत गेला. त्याच्या शेजारच्या कप्प्यात बटाट्याच्या ऑम्लेटचा पाव असे. माझं फुगलेलं पोट पाहून वार्ताहर मात्र गंभीर होत. मंत्रालयाचा दारवान मला पाहून उठून उभा राही. मालकांना तो पुष्कळदा ओळखतही नसे.

मग सरकारने तोट्यातले जहाज कारखाने बंद करायचं ठरवलं. त्यात मालकांचा जुना कारखानाही होता. मालकांनी राजीनामा दिला आणि कारण कुणाला सांगितलं नाही. साहजिकच प्रत्येकाने आपापलं कारण तयार केलं. पक्ष म्हणाला, घाबरला. युनियन म्हणाली, पळाला. इथल्या विद्यापीठाने वर्षभर शिकवायला बोलावलं, तेव्हा आम्ही खरोखरच निघालो. मंत्रालयाच्या कागदांऐवजी माझ्यात विद्यार्थ्यांचे निबंध आले. राज्यकारभार त्यापेक्षा वाचनीय असतो.

शेजारी दोन मराठी विद्यार्थी राहत. श्रीरंग पुण्याचा, इंजिनियर. धर्मराज नागपूरचा, कामगारांच्या प्रश्नांवर पीएच.डी. करणारा. त्याच्या प्रबंधातलं एक प्रकरण आमच्यावरच होतं. वरणभाताच्या ओढीने मालक रोज संध्याकाळी मला घेऊन त्यांच्याकडे जात. पोरांनी त्यांचे ‘आंद्रेसकाका’ केले.

श्रीरंग म्हणायचा, “काका, मंत्र्याने आपण होऊन रिझाइन केलं, हे आमच्याकडे कुणी बिलीव्हच करणार नाही. दुसरं काहीतरी सांगा.”

धर्मराज हसत नसे. त्याचे वडील गिरणीत होते. एका सकाळी पाळीवर गेले तर फाटकावर नोटीस डकवलेली. गिरणीचा मालक नाही, मॅनेजर नाही, विचारायला एक माणूस नाही. हे त्याने सांगितलं त्या संध्याकाळी काकांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

मार्चमध्ये माद्रिदहून फोन आला. मंत्रिमंडळात बदल होणार होते. काकांना खातं परत मिळू शकत होतं. अट एकच: विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानात कारखाने बंद करणं बरोबर होतं असं म्हणायचं. वकिलातीचा माणूस ऐकायला येणार होता, भाषणही तयार करून पाठवलं होतं. ते माझ्यात ठेवलं गेलं आणि माझं चामडं पुन्हा ताठ झालं. मला तो दारवान दिसू लागला.

व्याख्यानाला हॉल भरला. काकांनी मला टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही.

ते म्हणाले, “कारखाने चालण्यासारखे नव्हते. बंद करणं बरोबर होतं.” वकिलातीचा माणूस प्रसन्न झाला. “मी सहीही करणार होतो. फक्त म्हणालो, नोटीस पोस्टाने नको. मी फाटकावर उभा राहून वाचीन, शिव्या खाईन, विचारतील त्याची उत्तरं देईन. युनियनमध्ये आम्ही वाईट बातमी तोंडावर सांगत आलो. सरकार म्हणालं, मंत्र्याला हे शोभत नाही. म्हणून मी मंत्रिपद सोडलं.”

वकिलातीच्या माणसाने पेनाला टोपण लावलं. आमचं खातं तिथेच गेलं. टाळ्या मात्र खूप पडल्या.

टाळ्या थांबल्यावर धर्मराज उभा राहिला. घरी काका म्हणणारा पोरगा तिथे ‘सर’ म्हणाला.

“सर, राजीनाम्यानंतर तुम्ही फाटकावर गेलात?”

काका म्हणाले, “नाही. इथे आलो.”

परतताना कॅम्पसच्या बसमध्ये श्रीरंग कुजबुजला, “यार, तो क्वेश्चन आजच विचारायचा होता?” धर्मराज म्हणाला, “आमच्या बाबांना विचारायला कोणी भेटलं नाही. मला भेटलं.” काकांनी पुढच्या सीटवरून मान वळवली आणि वरणात आज लसूण जास्त घाला म्हणून सांगितलं.

आता सेमिस्टर संपलंय. उद्या विमान आहे. पण मंत्रालयासाठी नव्हे, माद्रिदला फक्त उतरायचं. तिथून गाडीने त्या बंदराच्या गावी, बंद फाटकाशी. शिव्यांचा साठा तिथे दोन वर्षांचा असेल. काकांनी गावात कळवून ठेवलंय, ज्याला यायचं त्याने यावं. माझ्यात भाषण नाही. पाव आहे, ऑम्लेट आहे आणि श्रीरंगच्या राधाकाकूंनी न्यू जर्सीहून पाठवलेला लसणीचा मसाला आहे.

मंत्र्यांच्या बॅगा संसदेत जातात, मेजवान्यांना जातात. टाळं लागलेल्या फाटकापर्यंत गेलेली एखादी माझ्या तरी ऐकण्यात नाही. तेव्हा माझ्याकडे जरा आदराने पाहा. आणि कधी तुमच्यावरही अशी नोटीस लावायची पाळी आली, तर डिंकाची बाटली बाजूला ठेवा आणि स्वतः जा.