वाकडं दिसणारं वर्तुळ

मित्रांनो, रायफल तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. तिच्यावर, नेमबाजाच्या डोळ्यासमोर, काळ्या धातूचा एक छोटा डबा बसवलेला असतो. त्याच्या मधोमध बारीक छिद्र असतं. तो डबा म्हणजे मी, एक जुनी पीप साइट. माझ्या छिद्रातून नळीच्या टोकावरची कडी दिसते आणि कडीच्या आत टार्गेटचा काळा ठिपका. वर्तुळात वर्तुळ नीट बसलं, की घोडा दाबायचा. मला दोन चाकं आहेत. नेम लांबचा असेल तर एका चाकाने मला वर चढवतात, वारा असेल तर दुसऱ्याने बाजूला सरकवतात.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते पनवेलबाहेरच्या एका बंद दगडखाणीत. खाणीच्या कड्याला पाठ लावून तीनशे मीटरवर टार्गेटं उभी असतात. तिथेच सराव करणाऱ्या नेमबाज सुमतीताईंनी मला आपल्या रायफलीवर बसवलं. किती निगुतीने! रायफलीवरची खाच कोरड्या फडक्याने पुसली, मला तिच्यात सरकवलं. मग पालथं झोपून, डोळे मिटून, गाल रायफलीच्या लाकडावर टेकवला. डोळे उघडले तेव्हा छिद्र समोर नव्हतं. मान नाही वाकवली त्यांनी. मलाच नखभर मागे घेतलं. असं कितीदा तरी केल्यावर स्क्रू आवळले. "डोळ्याने साइटकडे जायचं नसतं, साइटने डोळ्याकडे यायचं," असं त्या शिष्यांना सांगत.

आम्ही दोघींनी पुष्कळ पदकं मिळवली. रोज संध्याकाळी त्या मला मऊ फडक्याने पुसत आणि तेलाचा पुसटसा हात फिरवत.

गेल्या वर्षी मात्र गोळ्या भरकटू लागल्या. "पुढची कडी दबलीय," असं ताई म्हणाल्या. कडी बदलली, तरी वर्तुळ वाकडंच. माझं छिद्र मोठं केलं, लहान केलं, मला उघडून साफ केलं. शेवटी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ही साइट कामातून गेली." मी तर जागची हलले नव्हते. पण मला कोण विचारणार?

राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती. एका सकाळी त्यांनी दिपाला बोलावलं. दिपा त्यांची शिष्या, कोन गावची. द्रोणागिरीच्या गोदामात कामाची पाळी करून सरावाला येई.

"माझ्या रायफलीवरून पाच गोळ्या मार. साइट कशी फसवते ते बघ."

दिपाने पहिल्या दोन मारल्या. दोन्ही काळ्याच्या मधोमध. मग ती थांबली. माझ्या छिद्रापलीकडून मला तिचा डोळा दिसत होता. तिला काहीतरी उमगलं होतं. तो डोळा भरून आला. तिसऱ्या गोळीला वर्तुळ अगदी नेमकं बसलं, आणि ऐन वेळी तिने नळी जराशी ढळवली. गोळी कागदाच्या कडेला लागली.

दुर्बिणीतून पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, "ही मुद्दाम बाहेर मारलीस."

"नाय ताई, साइटच जरा..."

"दिपा, खरं सांग."

दिपाने रायफल खाली ठेवली. "साइट बरोबर हाय, ताई. एकदम बरोबर हाय. मी काय बोलू तुमाला?"

ताई पुन्हा दुर्बिणीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "उरलेल्या दोन नीट मार."

दोन्ही मधोमध लागल्या. ताईंनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि कड्यावरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं.

"तो खांब सरळ आहे का गं?"

"सरळ हाय, ताई."

"मला तो मधेच वाकलेला दिसतोय."

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे. डावा डोळा सांभाळून घेत होता, म्हणून एरवी कळलंच नाही. उरलेली नजर इंजेक्शनांनी टिकेल, पण गेलेली परत येणार नाही. वर्षभर आधी आला असतात तर, एवढंच बोलून ते थांबले.

ताईंनी निवडीतून नाव मागे घेतलं आणि मला दिपाच्या रायफलीवर बसवायला घेतलं.

"तुमची साइट मी नाय घेणार," दिपा रडू लागली.

"अगं, हिला धड डोळा हवा," ताई म्हणाल्या. "हलू नकोस. गाल टेकव."

स्क्रू त्यांनी पूर्वीइतकाच बेताने आवळला.

दिपा संघात निवडली गेली. ताई आता रायफल डाव्या खांद्याला लावून शिकतात, अगदी पहिल्या धड्यापासून. काल त्यांची गोळी कागदालाही लागली नाही. शेजारी बसलेली दिपा हलकेच म्हणाली, "ताई, घाई नको. श्वास सोडा, मंग दाबा." ताईंनी निमूटपणे श्वास सोडला.

मित्रांनो, मला दोष दिला म्हणून माझा राग नाही. मला पुसता येतं, उघडता येतं, बदलताही येतं. तुमच्या डोळ्यांचं तसं नाही. समोरचं वाकडं दिसू लागलं, तर वस्तूवर रुसून वर्ष घालवू नका. त्याच दिवशी एक डोळा झाकून बघा, आणि जे दिसेल ते कुणाला तरी सांगा.