फळ्यावरची बारावी ओळ

सासू-सुनेत विस्तव जात नव्हता, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाळ झाल्यापासून तर काडी ओढायचीही गरज उरली नव्हती. दोघींनी एकमेकींकडे नुसतं पाहिलं तरी घरात धूर व्हायचा.

भांडणाचं कारण एक दार होतं. स्वयंपाकघराच्या मागे गोठा, गोठ्यात सासूबाईंच्या अकरा शेळ्या, आणि मधे ते दार. सून ते लावून कडी घालायची. सासूबाई कोपराने कडी उडवून आत यायच्या, हातात दुधाची बादली, चपलांना लेंड्या, आणि थेट पाळण्याकडे.

"आई, हात."

"हाताला काय झालंय?"

"धुवा म्हणतेय."

"चाळीस वर्षं ह्याच हातांनी तुझा नवरा वाढवला. त्याला काय शिंगं फुटली?"

त्याला शिंगं फुटली नव्हती, पण कणाही फुटला नव्हता, असं सुनेचं मत होतं. तो पहाटे दुधाची गाडी घेऊन जायचा तो दुपारी उगवायचा, आणि दोघींचं ऐकून घेऊन दोघींना "बरोबर आहे तुझं" म्हणायचा.

दोन महिन्यांत दोन शेळ्या गाभडल्या होत्या. पहिली गाभडली तेव्हा सुनेला आठवा सरून नववा लागला होता. सासूबाईंनी गोठ्यातून हाक मारली, "अगं, बघत काय राहिलीस, धर!" आणि तिने उघड्या हातांनी ते मेलेलं करडू उचलून टोपलीत ठेवलं होतं. दुसरी गाभडल्यावर जनावरांचा डॉक्टर आला. रक्त घेतलं आणि हात धुता धुता म्हणाला, "मला ज्याचा संशय आहे तो आजार माणसांनाही लागतो. रिपोर्ट येईपर्यंत दूध उकळूनच प्या. गाभडलेल्याला मोज्यांशिवाय हात लावू नका. बाळाला इकडे आणू नका. आणि घरातल्या प्रत्येकाने रक्त तपासून घ्या. ताप, घाम, सांधेदुखी, काहीही असलं तर लगेच."

सासूबाईंनी पदर खोचला. बादलीत पेला बुडवला आणि त्याच्यादेखत फेसाळ, कोमट, कच्चं दूध गटागटा प्यायल्या. ओठावर मिशीसारखा उठलेला फेस पुसून म्हणाल्या, "झालं? मेले का मी?"

तेव्हापासून सुनेच्या डोळ्याला डोळा नव्हता. संध्याकाळी अंग कसकसलं की वाटायचं, हाच तो. पाठ दुखली की वाटायचं, हाच तो. आपल्याला असेल तर आपल्या दुधातून बाळाला जाईल का? बाळ सव्वीस दिवसांचं. दवाखान्यातून निघताना नर्सने तिला बोट नाचवून बजावलं होतं, "एवढ्या लहान बाळाला शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला की घरी एक मिनिट थांबायचं नाही." तिने ते वाक्य जपमाळेसारखं धरलं. दिवसातून दहादा बाळाच्या काखेत थर्मामीटर. सत्त्याण्णव पॉइंट आठ. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. सासूबाई तिला थर्मामीटरबाई म्हणू लागल्या, आणि परवा त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेऊन आपल्या कपाटात टाकलं. किल्ली कमरेला.

"लेकरू आहे का भाकरी? सारखं भाजलंय का बघतेस ती!"

नवरा म्हणाला, "राहू दे ना दोन दिवस. तुलाही जरा आराम पडेल." त्या दिवशी ती त्याच्याशीही बोलली नाही.

गंमत अशी, की सासूबाई स्वतः रोज सकाळी अकरा वेळा ताप मोजायच्या. शेळ्यांचा. त्यांचं थर्मामीटर काचेचं, जाडसर, मागे दोरी आणि दोरीला चिमटा; चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा आणि थर्मामीटर शेपटीखाली. गोठ्याच्या भिंतीवर काळा फळा होता. त्यावर खडूने ओळीने लिहायचं: ठिपकी १०२.४, ठीक. लंगडी १०३, ठीक. थोरली १०१.८, ठीक. शाळा चौथीत सुटली होती, पण कुणा जुन्या डॉक्टराने शिकवलेला हा आकडा त्यांना पाढ्यासारखा पाठ होता: एकशे एक ते एकशे तीन म्हणजे ठीक, वर गेलं की धावा. पोटच्या पोरांचा ताप त्यांनी कधी आकड्यात पाहिलाच नव्हता. तो हाताला कळायचा.

आज सुनेने ठरवलं, आपलं रक्त देऊन यायचंच. बाळाला खोकणाऱ्या लोकांत न्यायचं नव्हतं. नवरा गाडीवर. उरल्या सासूबाई. वाटीत आपलं दूध काढून, झाकून, शेजारी चमचा ठेवून ती म्हणाली, "दीड तासात येते. दार बंद ठेवा. हात साबणाने धुवा. शेळ्यांचं दूध बोटालाही लावून देऊ नका."

"अजून काही? नाक कुठून शिंकरायचं तेही लिहून ठेव."

सासूबाई गुडघ्यावर हात रेटून, ओठ चावत उठल्या. हवा गार होती, तरी त्यांच्या पाठीवर ब्लाउज ओलाचिंब होता. सुनेने पाहिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, हाच तर तिच्यावर घरातला मोठा आरोप होता.

"घाम आलाय तुम्हाला."

"कष्ट करणाऱ्याला येतो. तुला नाही कळायचं. जा."

ती परतली तेव्हा पुढच्या दाराला आतून कडी होती. दोनदा वाजवलं. मागून गोठ्यात पाण्याच्या नळीचा आवाज येत होता, म्हणून ती वळसा घालून मागच्या बाजूने आत शिरली. सासूबाई पाठमोऱ्या, फरशी धूत होत्या.

"उठला होता का?"

"अजिबात नाही. शहाणं लेकरू. तुझ्यावर गेलं नाही म्हणायचं. दूधसुद्धा मागितलं नाही."

सुनेचं पाऊल थबकलं. दर दोन तासांनी घर डोक्यावर घेणारं बाळ दूध मागत नाही? ती दाराकडे धावणार, तोच तिची नजर फळ्यावर गेली. अकरा शेळ्या, अकरा ओळी. आणि खाली, त्याच खडूने, त्याच वळणदार अक्षरात, बारावी:

बाळ १०२.२, ठीक.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? मोजला ताप. जरा सुस्त वाटला. तुझं ते खेळणं कपाटातून काढलं, तर दाबलं की टीं टीं करतं नि बंद पडतं. मग माझं घेतलं. साबणाने धुऊन हो! नाहीतर म्हणशील..."

"कुठे लावलं?"

"काखेत! मी काय वेडी आहे?"

"एकशे दोन आहे त्याला."

"हो मग? ठीकच आहे की. ठिपकीपेक्षा कमीच."

"आई," सून म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की शेळ्यासुद्धा चघळायच्या थांबल्यासारख्या वाटल्या, "तो शेळी नाही."

सासूबाईंच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

पुढची पाच मिनिटं कुणी कुणाला शिव्या दिल्या ते दोघींनाही आठवत नाही. बाळ पाळण्यात लालबुंद, मऊ पडलेलं, हाक मारली तर पापणी अर्धीच उघडणारं. वाटीतलं दूध जसंच्या तसं. सुनेने त्याला छातीशी धरलं आणि शेजारच्या सुताराच्या दारात जाऊन अशी ओरडली की तो कानावरची पेन्सिल घेऊनच टेम्पोत बसला. ती चढली, तशा मागून सासूबाईही चढू लागल्या. गोठ्यातली ओली साडी, पायात चप्पल नाही.

"तुम्ही नाही यायचं."

"सरक पुढे."

"नाही म्हटलं ना! खूप केलंत तुम्ही."

"सरकतेस का मांडीवर बसू?"

सुताराने समोर बघत गाडी सोडली. दोघींच्या मधे पडलेला माणूस दोन्हीकडून लाटला जातो, हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक होतं.

वाटेत सासूबाईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. "मला गरम लागत नव्हता गं. चारदा हात लावून पाहिला. खोटं नाही सांगत."

"हात काढा."

त्यांनी काढला.

दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी बाळाला उघडं करून तपासत विचारलं, "ताप कधी कळला? किती होता?"

"साडेदहाच्या सुमारास," सून म्हणाली. वेळ तिने वाटेत सासूबाईंकडून दरडावून काढून घेतली होती. "एकशे दोन पॉइंट दोन."

"कुणी मोजला?"

भिंतीला टेकलेल्या सासूबाईंनी श्वास धरला. आता ही सांगणार. शेपटीचं थर्मामीटर, गोठ्याचा फळा, कपाटाची किल्ली, सगळं. सांगायला हिला किती दिवसांनी संधी मिळाली!

"ह्यांनी," सून म्हणाली.

"बरं झालं मोजलात, आजी. नुसतं सुस्त म्हणून झोपवून ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत कठीण झालं असतं."

दुपारपर्यंत बाळाच्या एवढ्याशा हाताला सुई लागली, नळी लागली. लघवीत संसर्ग होता. गोठ्याचा संबंध दिसत नाही, तरी तीही तपासणी पाठवू, औषध सुरू झालंय, वेळेत आणलंत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तासाभराने बाळ पहिल्यांदा कळवळून रडलं, दूध प्यायलं, आणि धावत आलेला नवरा त्याच्यापेक्षा मोठ्याने रडला. त्याला आत बसवून सून बाहेर आली. फोनवर तिचा रिपोर्ट आला होता. तिच्या रक्तात काही नव्हतं. तिने तो दोनदा वाचला, मग नावही तपासलं.

बाकावर सासूबाई बसल्या होत्या.

"सांगितलं नाहीस डॉक्टरणीला."

"नाही."

"उपकार?"

"उपकार कसले? शिल्लक ठेवलंय. आजपासून दूध उकळायचं, गोठ्यात मोजे घालायचे आणि त्या दाराची कडी मी सांगेन तेव्हा उघडायची. नाहीतर तुमच्या लेकाला सांगेन, आळीला सांगेन, सुताराला तर आधीच अर्धं कळलंय."

"सापाची जात आहे तुझी."

"घर तुमचंच आहे. वारूळ कुणाचं ते बघा."

सासूबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी त्याला हसू दिलं नाही. पदराने गळा पुसला. दवाखान्याच्या गारव्यात पुन्हा घामाने निथळत होत्या. गुडघा चोळत होत्या. सून बघत राहिली. रोज संध्याकाळी लवकर अंथरूण धरणं. भूक नाही. चारदा कपाळाला लावलेला आणि काहीच न कळलेला तो हात. तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ कसं कळणार?

"थर्मामीटर द्या माझं."

सासूबाईंनी कमरेला खोचलेलं ते काढून दिलं. "घे बाई. तुझं खेळणं."

सुनेने बटण दाबलं. टीं झालं. "एकदाच दाबायचं असतं, आणि पुन्हा टीं करेपर्यंत थांबायचं असतं. धरा काखेत."

"मला काय धाड भरलीय?"

"धरा म्हणतेय ना!"

बाकावरची माणसं वळून बघू लागली, तेव्हा सासूबाईंनी रागारागाने काख दाबली. दोघी दोन दिशांना तोंडं करून बसल्या. टीं टीं टीं. सुनेने काढून पाहिलं. एकशे एक पॉइंट सहा. तिने थर्मामीटर मुठीत लपवलं, तसा सासूबाईंचा धीर सुटला.

"किती आहे? अगं सांग की, किती आहे?"

सून उठली. रक्त तपासणीच्या खिडकीकडे बघत तिने सासूबाईंच्या दंडाला धरलं, हलकं नाही, घट्ट.

"शेळी असतात," ती म्हणाली, "तर ठीक होतं. उठा."