निरक्षर आईनं तपासलेलं भाषण

इंद्रजितचं भाषण नेहमी कुशाबाईच तपासायच्या. बारामतीत त्याची स्पर्धा परीक्षांची अकादमी होती, गावोगावी व्याख्यानं होती, आणि पणदऱ्यातल्या घरी चष्मा लावून कागद वाचणारी आई होती. उद्या इंदापुरात मायलेकांचा सत्कार. कुशाबाईंनी पेन्सिल घेतली.

परिच्छेद पहिला.
"माझी आई निरक्षर. तिला अंगठ्यापलीकडं काही येत नाही."
समासात कुशाबाई: सातवी पास. वर्गात दुसरी.

परिच्छेद दुसरा.
"तीन वर्षांचा असताना मी जुलाबानं मरायला टेकलो. आईनं अंगारा लावला आणि मी वाचलो."
समासात: दवाखान्याच्या भिंतीवर लिवलेलं वाचून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. चमच्या-चमच्यानं. अंगारा आज्जीनं लावला, तो तू चाटलास.

परिच्छेद तिसरा.
"मी शाळेत काय शिकतो, तिला कळत नव्हतं. तिचं अडाणीपण हीच माझी प्रेरणा."
समासात: धार काढताना पाढे कोण घ्यायचं? सतराच्या पाढ्याला तू रडायचास.

"आई, तू नुसत्या चुका बघ," इंद्रजित म्हणाला. "मजकूर बघू नको. सातवीला कोण टाळ्या वाजवतंय? अडाणी आईला लोक उभं राहून वाजवतात."

एवढ्यावर त्या गप्प बसल्या असत्या. आठ वर्षं बसल्याच होत्या. पण आता त्या खोट्याला पाय फुटले होते. नात श्रेया शाळेत जायला लागली होती आणि सून स्वरूपाला बी.एड. करायचं होतं. बारामतीच्या कॉलेजात नंबर लागला होता, सोमवार शेवटचा दिवस. इंद्रजितचं उत्तर तयार होतं, "माझी आई अडाणी, तरी मी घडलो. मग श्रेयाच्या आईला एवढं शिकून काय करायचंय?"

स्वतःचं भाषण त्याला स्वतःलाच पटलं होतं.

परिच्छेद चौथा. हा कागदावर नव्हता, मंचावर घडला.
सूत्रसंचालकानं मोठा फलक पुढं केला. त्यावर आईच्या अंगठ्याचा ठसा घेऊन तो अकादमीच्या दारात टांगायचा होता. शाईचा डबा उघडला गेला. कुशाबाईंनी हात पदराखाली घेतला, लेकाच्या हातातलं भाषण काढून घेतलं, चष्मा लावला आणि माईकवर वाचायला लागल्या, "माझी आई निरक्षर..." पान संपेपर्यंत कुठं अडखळल्या नाहीत.

सभागृह भारावलं. सूत्रसंचालक माईककडं धावला. "मित्रांनो, निरक्षर माउली, पण लेकाचं अख्खं भाषण तोंडपाठ."

टाळ्या. लोक उभे राहिले.

"व्हय बाळा?" कुशाबाई म्हणाल्या. "मग तुझ्या हातातला कागद दे बरं."

सूत्रसंचालकानं तो भक्तिभावानं दिला. कुशाबाईंनी वाचलं, "'अध्यक्ष दोन तास उशिरा आले तरी वेळात वेळ काढून आले म्हणणे. दर पाच मिनिटांनी त्यांचं नाव घेणे. आईचे डोळे पुसणे, न भरल्यास आपले पुसणे.'"

मागच्या रांगेत हसू फुटलं, ते पुढं सरकत अध्यक्षांपाशी येऊन थांबलं.

"मला सातवीपुरतं वाचता येत हुतं, म्हणून ह्यो जगला आन शिकला," कुशाबाई म्हणाल्या. "माझी सून तर एम.ए. हाय. तिची पोर कुठवर जाईल, तुमीच सांगा. सोमवारी सून कॉलेजात चाललीय. इंद्रजितराव, व्हय का न्हाय?"

आईच्या तोंडून 'राव' त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. समोर तीनशे माणसं, निम्म्यांचे मोबाईल वर.

"व्हय," इंद्रजित म्हणाला, आणि टाळ्यांची सुरुवात आपणच केली.

परतीच्या वाटेवर गाडीत तो पुटपुटला, "मला खोटं पाडलंस."

"तुला न्हाय रं. भाषणाला."

सोमवारी स्वरूपा सकाळच्या एसटीनं गेली. श्रेयाच्या वेण्या इंद्रजितच्या वाट्याला आल्या. एक कानापाशी उतरली, दुसरी मानेवर. श्रेयानं आरशात बराच वेळ बघितलं, मग दप्तर उचललं.

"ऱ्हाऊ द्या पप्पा," ती म्हणाली. "उद्या जमंल."