चार पाय, सात पायऱ्या

कॉलेजच्या रोबोटला चाकं लावायची की पाय, यावर आमच्या टीममध्ये तीन महिने भांडण चाललं होतं आणि भांडणारी मी एकटीच होते. बाकी सगळ्यांचं ठरलेलं होतं, चाकं. मोशीपासून चाकणपर्यंत जिकडे बघावं तिकडे गाडीच्या चाकाचंच काहीतरी बनतं. ही पोरं चाकं बनवणाऱ्यांच्याच घरांतली, त्यांना पाय सुचणार कुठून? तसं बघायला गेलं तर मीही तसल्याच घरातली.

यंदा स्पर्धेच्या मैदानात चार पायऱ्या होत्या आणि त्यांच्यापुढे खडीचा पट्टा. पायऱ्या चढून गेलं तर पूर्ण गुण. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी बाजूने उताराचा लांब वळसा आणि निम्मे गुण. आमचे मार्गदर्शक शेखर सर म्हणायचे, निम्मे तर निम्मे, पक्के तर आहेत.

"मिनल, आपलं ध्येय जरा आवाक्यातलं ठेवावं," असंही म्हणाले.

हा आवाक्यातला शब्द मी शाळेपासून ऐकत आलेय. गणित घेऊ नकोस, आवाक्यातलं बघ. इंजिनिअरिंग कशाला, आवाक्यातलं बघ. तो ऐकला की माझं डोकं फिरतं. त्यात हे माझं शेवटचं वर्ष. यंदा माझा रोबोट स्पर्धेला गेला नाही तर तो कधीच जाणार नव्हता.

म्हणून मी कुणाचं न ऐकता पाय बनवले. गुडघ्याएवढा उंच, चार पायांचा रोबोट. प्रत्येक पाय ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, त्यात सहा सांधे, आणि प्रत्येक सांध्याला एक बोल्ट आणि एक नट. म्हणजे एकूण चोवीस नट.

काम चालायचं चऱ्होलीला, टीमचा कॅप्टन अजिंक्य याच्याकडे. त्यांच्या शेतात आता बारा मजली इमारती उभ्या आहेत, एक पत्र्याची शेड तेवढी उरलीय. अजिंक्यचा चाकांचा रोबोट कधीच तयार झाला होता आणि दिवसभर शेडमध्ये गिरक्या घेत असायचा. त्याचे आजोबा मारुतराव बाजेवर बसून बघायचे. माझी चेष्टा करायचा त्यांना भारी नाद.

"पोरी, पाय चार हायेत, पर चालतंय कुठं?"

"चालेल, आबा."

"व्हय, चालंल की. आमी हाय तवर चालीव म्हंजे झालं."

स्पर्धेला कोणता रोबोट जाणार, याची निवड शुक्रवारी होती. गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून पप्पा माझ्या मदतीला शेडवर आले. पप्पा चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं गाड्यांच्या चाकांचे नट आवळतात. तिथला नियम असा, की नट आवळायचा, तपासायचा आणि मग नटावरून बोल्टवर पिवळ्या मार्करने एक रेघ ओढायची. रेघ ओढली की त्या नटाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. पप्पांनी हा नियम घरीही आणलाय. आमच्या शेगडीवर, पंख्यावर, माझ्या जुन्या सायकलवर सगळीकडे पिवळ्या रेघा आहेत.

मी भोसरीहून बॅटरी घेऊन आले तेव्हा रोबोटच्या चोवीस नटांवर चोवीस रेघा होत्या.

"सगळे ढिले होते तुझे नट," पप्पा म्हणाले. "एवढं कसं लक्षात येत नाही तुझ्या? आवळून टाकले."

मी रेघा बघितल्या आणि निवांत झाले. लहानपणापासूनची सवय, पिवळी रेघ दिसली की तिथं बघायचं नाही. चालवून बघायचंसुद्धा माझ्या मनात आलं नाही.

शुक्रवारी कॉलेजच्या दारातल्या पायऱ्यांसमोर सगळे जमले. मी बटण दाबलं. रोबोट गुरगुरला, थरथरला आणि जागच्या जागी उभा राहिला. मग फ्यूज उडाला आणि जळका वास सुटला. मागून कुणीतरी "स्टॅच्यू" म्हणालं आणि सगळे हसले. सरांनी खिशातून पेन काढून स्पर्धेच्या फॉर्मवर 'चाके' असं लिहिलं.

"फॉर्म सोमवारी चार वाजता जाईल," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस."

सगळे गेल्यावर मी एक पाय हाताने हलवून बघितला. हलेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चाकाचा नट घट्टच लागतो, पण सांध्याचा नट तसा आवळला तर सांधा फिरणार कसा? ते नट मी मुद्दाम मोकळे ठेवले होते. सरांच्या मागे पळत जाऊन सांगता आलं असतं, की चूक माझ्या वडिलांची आहे. पण ज्या माणसाने सव्वीस वर्षांत एक नट सुटू दिला नाही, त्याचं नाव मी त्या हसणाऱ्या पोरांपुढे घेणार नव्हते. आणि न तपासता बटण दाबलं कुणी? मीच ना.

घरी गेल्यावर मात्र पप्पांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"माझ्या खुणेचा नट आजपर्यंत कधी परत आला नाही," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "पाना आण."

शनिवारी आणि रविवारी शिफ्ट सुटली की ते थेट शेडवर यायचे. आम्ही प्रत्येक बोल्टवर दोन-दोन नट बसवले. आतला नुसता टेकवायचा आणि धरून ठेवायचा, बाहेरचा त्याच्यावर घट्ट आवळायचा. सांधा मोकळा राहतो आणि नट सुटत नाही. युक्ती पप्पांची. रविवारी काम संपल्यावर मी मार्कर त्यांच्यापुढे धरला.

"मी नाही," ते म्हणाले. "जो तपासतो त्याची खूण. आधी चालवून बघ, मग तूच कर. नाव तुझं लागेल."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी रोबोट कॉलेजच्या पायऱ्यांपाशी ठेवला. सात पायऱ्या. सर बाहेर आले, फॉर्म हातातच होता.

"मिनल, निर्णय झालाय."

"माहितीय, सर. नुसतं बघा."

रोबोटने पहिली पायरी घेतली, दुसरी घेतली. तिसरीवर मागचा पाय घसरला. पाय खाली आला, पुन्हा उचलला गेला आणि नीट टेकला. तो सातव्या पायरीवर पोचला तेव्हा कँटीनच्या बाजूने टाळ्या आल्या.

"एकदा जमतं," सर म्हणाले. "पुन्हा दाखव."

पुन्हा दाखवलं.

"अजून एकदा. खात्री हवी."

अजून एकदा दाखवलं. तिसऱ्यांदा तो वर पोचला आणि सर म्हणाले, "ठीक आहे, पण आणखी एकदा..."

मी पायरीवर बसले.

"नाही, सर."

सरांशी असं कुणी बोलत नाही.

"पायांनी तीनदा चढून दाखवलं. चाकांना तुम्ही एकदासुद्धा विचारलं नाही. चाकांना ही पहिली पायरी चढू दे, मी चौथ्यांदा दाखवते. म्हणाल तर दहा वेळा दाखवते."

सरांनी अजिंक्यकडे बघितलं. अजिंक्यने त्याचा रोबोट आणून पायरीपाशी ठेवला आणि बटण दाबलं. चाकं पायरीवर आदळली, जागेवर गरगरली, मागे आली, पुन्हा आदळली. अजिंक्यने बटण बंद केलं. मग दोन्ही हातांनी रोबोट उचलला, सातही पायऱ्या चढला आणि माझ्या रोबोटच्या शेजारी नेऊन ठेवला.

"चढला, सर," तो म्हणाला. "पण माझ्या पायांनी."

सरांनी दोन्ही रोबोटांकडे बघितलं. मग त्यांनी फॉर्म गुडघ्यावर धरला, 'चाके' वर काट मारली आणि वर 'पाय' लिहिलं.

"मैदानात पडला तर जबाबदारी तुझी."

"माझीच आहे, सर."

मी तिथेच पायरीवर बसून प्रत्येक सांधा हाताने हलवून बघितला, प्रत्येक नट चाचपला आणि दर सांध्याला एक अशा चोवीस रेघा ओढल्या. दोन-तीन वाकड्या आल्या.

संध्याकाळी रोबोट घरी आणला. पप्पा शिफ्टवरून आले आणि बूट न काढताच त्याच्यापुढे उकिडवे बसले. सवयीने त्यांचा हात एका नटाकडे गेला. मग त्यांना रेघ दिसली आणि त्यांनी हात मागे घेतला.