फाटणार नाही

“तोंड उघडा. आऽऽ म्हणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भोंग्याने ‘आ’ केला. घोगरा आवाज कसाबसा बाहेर आला.

“काम काय करता?”

“ताडपत्र्या शिवतो.”

“आणि घशाने?”

“ओरडतो.”

शेजारी बसलेल्या ताईला राहवलं नाही. “बँड आहे आमचा. हार्डकोर पंक, स्क्रीमो, म्हणजे किंचाळून गायचं. मी ड्रम वाजवते, हा गातो.”

“ह्याला गाणं म्हणतात?”

“आमची आईसुद्धा हेच विचारायची.”

बाई हसल्या नाहीत. “आवाज फाटलाय. स्वरतंतूंवर गाठी आहेत, बुधवारी काढू. तोवर एक शब्दही नाही. आता ओरडलात, तर उरलासुरला आवाजही गेला समजा.”

रविवारी दुपारी एका जुन्या गोदामात कार्यक्रम होता. ताईने तिथेच ठरवलं, रद्द. भोंग्याने चिठ्ठी लिहून तिच्या हातात ठेवली, ‘तू घरी बस.’

त्यांचा बँड ‘करवत’ बावीस वर्षं वाजत होता. तीन रेकॉर्ड निघाल्या, सहा गिटारवाले आले नि गेले, शेजाऱ्यांच्या तक्रारींना तर सुमार नव्हता. पहिल्याच कार्यक्रमात हॉलच्या मालकाने वीज तोडली होती, तेव्हा भोंगा माइकशिवाय अर्धा तास ओरडत उभा राहिला होता. त्यावर त्याने गाणं लिहिलं, ‘हटणार नाही’. पण त्याच्या किंकाळीत ‘ह’ कुठला टिकायला! लोकांनी ऐकलं ‘फाटणार नाही’, आणि कुणीतरी तेच शर्टांवर छापलं. भोंग्याचं डोकंच फिरलं. तेव्हापासून दर कार्यक्रमात त्या गाण्याआधी तो बोट नाचवत बजावायचा, “हटणार! हत्तीचा ह!” आणि सगळा हॉल उलटून ओरडायचा, “फुग्याचा फ!” हे भांडण कोणालाच मिटवायचं नव्हतं.

रविवारी ताई भांडायला म्हणूनच गोदामात गेली. “लहानपणापासून हट्टी आहेस मेल्या! जन्मभर मुका राहशील, कळतंय का?”

त्याने मान हलवली. कळत होतं. मग त्याने तिच्या काठ्या उचलून तिच्यापुढे धरल्या. ताईला एवढा संताप आला, की त्याच काठ्या त्याच्या पाठीत घालाव्यात असं वाटलं. तिने त्या घेतल्या आणि ड्रममागे जाऊन बसली.

पहिली तीन गाणी तो असा ओरडला, की पत्रे थरथरले. चौथ्यात आवाज चिरकला, पाचव्यात तुटला. शेवटच्या गाण्याआधी त्याने सवयीने बोट वर केलं, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. त्याने पुन्हा जोर केला. सगळं गोदाम ‘हत्तीचा ह’ची वाट बघत राहिलं. आवाज गेला होता.

पुढच्या रांगेत एक बाई तो शर्ट घालून उभी होती. भोंगा मंचावरून खाली वाकला आणि इतकी वर्षं जे बोट नाचवलं, तेच त्याने शर्टावरच्या ‘फा’कडे रोखलं. मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मान डोलावली.

ताईने काठीवर काठी चार वेळा आपटली.

“फाटणार नाही!” सगळं गोदाम ओरडलं.

ड्रममागून ताईला भावाची पाठच दिसत होती. त्याच्या मानेच्या शिरा मात्र दर ओळीला, बरोबर ठोक्यावर, ताठ होत होत्या.