नुसती अक्षरं

खालच्या बाणाची कळ इतकी झिजली होती, की तिच्यावरचा बाण आता फक्त माधवीच्या बोटालाच ठाऊक. तिने ती दाबली, काळ्या पडद्यावरची पुढची ओळ उजळली, एंटर मारताच इंटरनेटवरचं पान आलं. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं... पण किती चटकन!

शंभूराजदादाने बारामतीहून आणलेल्या या जुन्या कॉम्प्युटरवर आधी विंडोज होतं, ते ऊठसूट अडायचं. महिन्यापूर्वी तिने ते पुसून मासिकाबरोबरच्या सीडीवरून लिनक्स चढवलं — शेळगावात विचारायला कुणी नाही, आठ दिवस रडकुंडीला येत, एकटीने. चित्रं दाखवणारा ब्राउझर चढवून पाहिला, तर एक पान उघडेपर्यंत आईच्या दोन भाकऱ्या थापून व्हायच्या. म्हणून हा नुसत्या अक्षरांचा, हलका ब्राउझर निवडला. निवडला... आजवर स्वतः निवडलेलं दुसरं काय होतं? बी.एस्सी.चे विषयसुद्धा दादानेच ठरवलेले.

आज कळंबचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. आईने सकाळीच मॉनिटरला हळदीकुंकू लावलं होतं, दादाने टेबल बैठकीत मधोमध ओढलं होतं.

"चित्रं कुठं हायती?" दादा मागे येऊन उभा राहिला. "पावण्यांना काय दावू, काळी पाटी?"

"मशीन जुनं हाय, दादा. चित्रांनी अडतंय."

"अडू दे की! नुसतं दिसाया पायजे. न्हायतर उद्या बारामतीचा माणूस आणून सगळं पुसून टाकतो, पयल्यासारखं करतो."

नुसतं दिसायला पाहिजे — यंत्राने, आणि मीही. मान खाली, हातात पोह्यांची बशी, कुणी विचारलंच तर 'थोडंफार येतं'... मागच्या खेपेला तसंच म्हटलं होतं, आणि संताप चहाबरोबर गिळला होता. पुसणार म्हणे! पुसू दे. आठ दिवसांचं काम आता दोन तासांचं झालंय. तो दहा वेळा पुसेल, मी अकरा वेळा चढवीन.

"चित्रांचा ब्राउझर मी काढलाय," ती म्हणाली. काढला नव्हता. मग दादाच्या डोळ्यांदेखत तिने तो काढून टाकायचा हुकूम टाइप केला, एंटर मारलं, आणि तो खरोखरच गेला.

दारात जीप थांबली. बोलावल्याशिवाय मुलीने बैठकीत दिसायचं नाही, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

"माधे, आत जा! ऊठ आधी!" दादा दबक्या आवाजात खेकसला.

ती उठली नाही. तिने झिजलेली कळ पुन्हा दाबली, पुढची ओळ उजळली. ओसरीवर चपला निघत होत्या, कुणी खाकरत होतं, आणि आत येणाऱ्यांपैकी कुणीतरी, कुणीही, या काळ्या पडद्याकडे बघून हे काय आहे असं आपल्याला विचारावंच... असं तिला फार वाटू लागलं.