राजा कुणातला

"गांगुर्डे म्हणजे कुठल्या, मॅडम?" दिपेशने चहाचा कप पुढे केला. नजर मायाच्या वर्दीवरच्या नावपट्टीवर होती.

"विठ्ठलवाडीच्या."

"तसं नाय. म्हणजे... कुणातल्या?"

हवालदार होईपर्यंत मायाने हा प्रश्न इतक्या तोंडून ऐकला होता, की आता रागही येत नसे. "बौद्ध," ती म्हणाली आणि कप घेतला.

दिपेश मोकळं हसला. "मग बेस्ट. तुमचा ह्याच्यात काय संबंधच नाय."

'ह्याच्यात' म्हणजे शीळफाट्याजवळच्या चौकात ताडपत्रीत गुंडाळून उभ्या असलेल्या पुतळ्यात. ठाण्याहून कोकणावर राज्य केलेल्या शिलाहारांपैकी एका राजाचा तो पुतळा. चौथऱ्यावर राजाच्या नावाआधी कुठली जात लिहायची, यावरून अनावरण अडलं होतं. दोन संघटना होत्या आणि दोघींचं म्हणणं एकच: राजा आमच्यातला. दिपेश एकीचा कार्यकर्ता. दुसरीच्या मयूरने सकाळीच मायासाठी खुर्ची पाठवली होती. "तुम्ही आहात ते बरंय ताई. तुम्ही कुणाची बाजू घेताय असं कोण बोलणार?"

दुपारी मुलीचा, प्रीतीचा फोन आला. ती इतिहासात एम.ए. करत होती.

"आई, ते राजे ताम्रपटांत स्वतःला विद्याधरांचे वंशज म्हणवतात. अर्धे देवच म्हण ना. खरी जात कुणालाच माहीत नाही."

"मग इथे येऊन सांग त्यांना."

"मारतील गं मला."

"हं," माया म्हणाली. पोटऱ्या भरून आल्या होत्या. वाद घालण्याइतकंही त्राण नव्हतं.

रविवारी दोन्ही संघटनांचे मोर्चे एकाच वेळी चौकात आले. घोषणांवरून शिव्या, शिव्यांवरून ढकलाढकली. माया हात पसरून मध्ये उभी राहिली. समोर दिपेशचा हात वर गेलेला तिने स्पष्ट पाहिला. दगड मयूरला नेम धरून मारला होता. तो मायाच्या भुवईवर बसला.

टाके घालून झाले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर दिपेशची आजी, आवडाबाई, येऊन बसलेली होती. बराच वेळ ती पदर चाचपत राहिली.

"पोरी, त्याचा नाव घेव नको गो. तुला नव्हता मारायचा त्याला. तू तर ना त्यांची, ना आमची."

"लागलं मात्र मला, आजी."

मायाला म्हातारीची कीव आली. तरी संध्याकाळी जबाबात तिने दिपेशचं नाव सांगितलं.

आठवड्याभरात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची बैठक झाली आणि समेट झाला. जात लिहायचीच नाही, नुसतं 'लोकराजा' लिहायचं. एकमेकांवरच्या तक्रारीही मागे घ्यायच्या. साहेबांनी मायाला आत बोलावलं.

"गांगुर्डे, वातावरण निवळलंय. तुमचा जबाब जरा मवाळ करू या. दगड कुठून आला ते दिसलं नाही, एवढंच."

"दिसलं होतं, साहेब."

"अहो, ते दोघे एक झाले. आता तुम्ही कशाला ताणता?"

"ते एक झाले, चांगलं झालं. पण डोकं माझं फुटलं ना." ती जरा थांबली. "जबाब राहू दे तसाच."

साहेबांनी सुस्कारा टाकला. तिला अनावरणाच्या बंदोबस्तालाच लावलं.

त्या दिवशी मंचावर मयूर आणि जामिनावर सुटलेला दिपेश एकाच रंगाचे फेटे बांधून शेजारीशेजारी बसले होते. मायाची भुवई अजून काळीनिळी होती. दिपेशची नजर एकदा तिच्यावर पडली आणि लगेच दुसरीकडे वळली. पुढाऱ्यांनी भाषणांत सगळ्यांचे आभार मानले. ताशा कडाडला, पडदा सरकला, माणसांनी मोबाइल उंच धरले. "काय रुबाब आहे राजाचा!" पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली.

माया दोरीपाशी उभी होती. बंदोबस्ताला तोंड गर्दीकडे ठेवायचं असतं. टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच, पुतळ्याकडे पाठ करून, समोरची माणसं बघत राहिली.